केळीच्या पानांवरची काळी टिंबं

भुसावळला मेजर रॉबर्ट गिलची कबर आहे. मद्रास सैन्यातला हा अधिकारी १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमला गेला आणि १८७९ मध्ये वारला. त्याच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याआधीच हातात कॅमेरा आला होता, आणि १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याचे लेण्यांचे फोटो पुस्तकरूपात निघाले.

मला मात्र गिल आठवतो तो भोकांमुळे. त्या काळी ओल्या कोलोडियनची पद्धत होती. काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि धुवायचाही. एक धुळीचा कण बसला की निगेटिव्हवर टाचणीच्या टोकाएवढं भोक. काच बुडवायच्या चांदीच्या द्रावणात आयोडाइड साचलं, तर भोकांची चाळणीच. खानदेशातला मे महिना ज्याने पाहिला आहे, त्याला यापुढे सांगायला नको.

गेल्या मे महिन्यात रावेरकडच्या केळीबागेत मी इन्फ्रारेड फिल्मचा एक रोल संपवला. हिरवं पान अवरक्त किरण परत फेकतं. रॉबर्ट वुडने १९१० मध्ये असे फोटो छापले. फोटोत पान पांढरं दिसण्याला त्याच्या नावावरून 'वुड परिणाम' म्हणतात. केळीची बाग बर्फात बुडाल्यासारखी दिसते. जळगावात, चव्वेचाळीस अंशांत!

रोल घरीच धुतला. प्रिंटवर पानापानावर मिरपूड उधळल्यासारखी काळी टिंबं होती. गंमत अशी की आकाश स्वच्छ दिसत होतं. भोकं तिथेही होतीच, पण इन्फ्रारेडमध्ये निळं आकाश काळं येतं. काळ्यात काळं टिंब कोणाला दिसणार? पांढऱ्या पानांनी मात्र एकूण एक चुगली केली.

निगेटिव्ह घेऊन धुळ्याला एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांकडे गेलो. आयुष्यभर 'टचिंग' केलेला माणूस. भिंग लावून त्यांनी निगेटिव्ह उजेडात तिरकं धरलं. टिंबाच्या जागी पृष्ठभाग सपाट असेल तर फोटो काढतानाची धूळ, किंवा डेव्हलपरमध्ये चिकटलेला हवेचा बुडबुडा. बुडबुड्याचं टिंब गोल असतं. खड्डा दिसला तर इमल्शनच उडालेलं. माझ्याकडे खड्डे होते.

"पानी तपेल शे, भाऊ," ते म्हणाले.

खरंच होतं. टाकीचं पाणी कोमट, त्यात जिलेटिन फुगून मऊ झालेलं. कार्बोनेटवाल्या डेव्हलपरमधून फिल्म थेट कडक ॲसिडच्या स्टॉप बाथमध्ये गेली की आतल्या आत कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात आणि मऊ थर फोडून बाहेर पडतात. उपाय साधा आहे: स्टॉप बाथ अगदी सौम्य, किंवा नुसतंच पाणी, आणि डेव्हलपरपासून शेवटच्या धुण्यापर्यंत सगळं एकाच तापमानाचं. आता मी आदल्या रात्री माठात पाणी भरून ठेवतो. टँकमध्ये डेव्हलपर ओतला की तो ओट्यावर दोनदा आपटतो. कॅमेऱ्याची आतली बाजू फुंकणीने साफ करतो, तोंडाने नाही. थुंकीही डाग पाडते, हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलो.

झालेल्या भोकांचं काय? काकांनी दाखवलं. निगेटिव्हच्या चकचकीत बाजूला, सर्वांत बारीक ब्रशच्या टोकाने अपारदर्शक रंगाचा एक ठिपका. चुकलं तर पुसता येतं. इमल्शनच्या बाजूला ती सोय नसते. भरलेलं भोक प्रिंटवर पांढरं उमटतं. एरवी त्यावर पुन्हा राखाडी रंग भरत बसावं लागतं. इथे पानच पांढरं, त्यामुळे काम निम्मं होतं. आकाशातली भोकं मात्र भरायची नाहीत. भरली तर काळ्यावर पांढरे तारे दिसतील, भरदिवसा.

१२० च्या एका निगेटिव्हला मला दोन संध्याकाळी लागल्या. काकांनी त्यावर एकच नजर टाकली आणि डाव्या कोपऱ्यातलं राहिलेलं टिंब दाखवलं.