मुले शिबिरास गेल्यावर

वैशाखात आमच्या ख्रिस्ती शेजारणींची मुले चर्चच्या शिबिरास गेली, की अंगणातला गलबला थांबतो. दोन दिवस बरे वाटते; तिसऱ्या दिवशी पोळ्या उरतात आणि घर खायला उठते. मुले तिकडे आपले ताट आपण घासायला शिकतात. मग आईने इकडे काय करावे?

मला याचे उत्तर आपल्या वर्ध्याच्याच इतिहासात दिसते. ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा येथील आश्रमाची धुरा घेण्यास आले. शेठ जमनालाल बजाजांनी कमलनयन व मदालसा या आपल्या मुलांचे शिक्षण त्यांच्या हाती सोपविले. श्रीमंत घरच्या त्या मुलांना सूतकताई, दळण आणि सफाई हेही धडेच होते.

त्यांची आई जानकीदेवी मात्र घराच्या चार भिंतींत राहिल्या नाहीत. त्यांनी पडदा सोडला, दागिने उतरविले, खादी अंगावर घेतली. १९२३ साली नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात जमनालालजी तुरुंगात गेले. पुढे जानकीदेवींनीही तुरुंगवास सोसला. १९५६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

मुले आश्रमात काय शिकली, हे कौतुकाने सांगितले जाते. त्याच वर्षांत आई केवढी शिकली, हे आपण बायकांनी सांगावयास हवे. म्हणून भगिनींनो, सुटीत घर रिकामे वाटले तर मुलांच्या वाटेकडे डोळे लावून बसू नका. मंडळात या. मुले परत येतील तेव्हा त्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असेल; आपल्याजवळही काही असावे.