सहलीला पोरगं पडलं, तर जबाबदार कोण?

आजचा विषय कायद्याच्या इतिहासाचा आहे, पण सुरुवात घरच्या गोष्टीनं करतो.

मी सातवीत होतो. शाळेची सहल पन्हाळ्याला गेली होती. साठ पोरं आणि दोन सर. सज्जाकोठी बघून झाली आणि आम्ही तटावर पळापळी सुरू केली. सर तेव्हा चहाला गेले होते. मी पडलो, उजवं कोपर मोडलं. संध्याकाळी सर घरी आले, तर आबांनी त्यांनाच धीर दिला. "पोरगं हाय सर, पडणारच की. तुमी कशाला मनाला लावून घेताय?" विषय तिथंच संपला.

हाड जुळलं, पण कोपर पूर्ण सरळ झालं नाही. एकोणिसाव्या वर्षी आर्मी भरतीत पळण्यात पास झालो आणि मेडिकलला त्याच कोपरामुळं बाहेर पडलो. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. पोर दुसऱ्याच्या ताब्यात असताना त्याला इजा झाली, तर कायदा काय म्हणतो?

कोल्हापुरातनंच सुरू करू. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पोर शाळेत पाठवलं नाही, तर पालकाला महिना एक रुपया दंड. म्हणजे राज्यच म्हणालं, पोर आमच्याकडे द्या. मला त्यात दुसरी बाजूही दिसते. पोर मागून घेतलं, की त्याला जपणंही आलं.

ही दुसरी बाजू इंग्लंडमधल्या कोर्टानं १८९३ मध्ये मांडली होती. खटला विल्यम्स विरुद्ध ईडी. शाळेत ठेवलेला फॉस्फरस पोरांच्या हाती लागला आणि एका मुलाला इजा झाली. कोर्टानं मोजपट्टी दिली ती बापाची. काळजीवाहू बाप स्वतःच्या पोराची जेवढी काळजी घेईल, तेवढी मास्तरानं घ्यायची. शिक्षक पालकाच्या जागी असतो, हा विचार पुढं आपल्याकडेही रुजला.

जबाबदारी ठरली, तरी पुढचा प्रश्न अवघड होता. पैसे किती? आपल्याकडे १८५५ पासून फेटल अॅक्सिडेंट्स अॅक्ट आहे. तो मृत्यूपुरता. त्यात हिशोब असा, की माणूस गेल्यानं घरच्यांचं किती नुकसान झालं. आता सांगा, आठ वर्षांच्या पोराची कमाई काय? शून्य. मग नुकसान कसं मोजायचं?

या गणिताला मोठा धक्का बसला तो जमशेदपूरला. ३ मार्च १९८९, जमशेटजी टाटांच्या जयंतीचा कार्यक्रम. मांडवाला आग लागली आणि ६० जण गेले. त्यात २६ लहान मुलं. भरपाई ठरवायचं काम सुप्रीम कोर्टानं माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडे दिलं. म्हणजे आपल्या पुण्याचे. पण मुलांसाठी ठरलेली रक्कम कोर्टाला अपुरी वाटली. ऑगस्ट २००१ मध्ये ती वाढवून ५ ते १० वयासाठी २ लाख आणि १० ते १५ वयासाठी ४ लाख १० हजार केली.

त्याच महिन्यात दुसरा निकाल आला. १९९५ मध्ये पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियास नदीवर गेली होती. १४ विद्यार्थी बुडाले. कोर्टानं प्रत्येकी ५ लाखांची भरपाई कायम केली. आणि मुद्दा बघा, शिक्षक शाळेच्या कामावर असताना निष्काळजी वागले, तर शाळाही जबाबदार.

हे झालं मृत्यूचं. जखमी पोराचं काय? २००६ मध्ये बंगळूरची १४ वर्षांची मुलगी शाळेबरोबर उत्तर भारतात सहलीला गेली. तिकडं ताप आला, तो मेंदूपर्यंत गेला. ती अंथरुणाला खिळली, स्मरणशक्ती आणि बोलणं गेलं. राज्य ग्राहक आयोगानं ८८ लाखांवर भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगानं ती ५० लाखांवर आणली, शेवटी सुप्रीम कोर्टानं मूळ रक्कम परत दिली. यात दहा वर्षांहून जास्त काळ गेला.

मात्र ग्राहक आयोगाचं दार शाळांसाठी उघडं आहे की नाही, यावर वाद आहे. २०२० मध्ये राष्ट्रीय आयोगानंच म्हटलं होतं, की शिक्षणसंस्था, अगदी सहली धरून, या कायद्यात येत नाहीत. दिवाणी कोर्टाचा रस्ता मात्र आहेच. अल्पवयीन मुलाच्या वतीनं आई-वडील दावा लावू शकतात. आणि अपिलासाठी आता मुंबईचं तिकीट काढायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरात, सीपीआरसमोर सुरू झालंय.

अर्थात प्रत्येक पडण्याचे पैसे मिळत नाहीत. हलगर्जीपणा दाखवावा लागतो. म्हणून दवाखान्याची कागदं, सहलीची चिठ्ठी, फोटो जपून ठेवा आणि शाळेला लेखी कळवा.

माझा मामा एका वकिलांकडे कारकून आहे. त्यानं मला एक गोष्ट सांगितली. पोर लहान असताना दावा राहिला, तर अठरा पूर्ण झाल्यावर ते स्वतः लावू शकतं. पण ही सवलत अठरानंतर जास्तीत जास्त तीन वर्षं. मी हिशोब केला. भरतीतनं बाहेर पडलो तेव्हा एकोणीस, आज चोवीस. मामा म्हणाला, "भाच्या, तवाच ईचारायचं न्हाईस व्हय?"

सरांवर माझा राग नाही. साठ पोरांमागं दोनच माणसं पाठवायचं त्यांनी एकट्यानं ठरवलं नव्हतं. परवा हे सगळं आबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमाला कुणी सांगिटलंच न्हाई रं."

म्हणून हा एपिसोड. तुमच्या घरी कुणाची सहल निघणार असेल, तर चिठ्ठीवर सही करायच्या आधी एवढंच विचारा: पोरं किती आणि सोबत मोठी माणसं किती? भेटू पुढच्या भागात.