आगंतुक सुरांचा बंदोबस्त

तंबोरा जुळवीत बसलेला गवई आपण सर्वांनीच पाहिला आहे. जोडाच्या दोन तारा जवळजवळ एका सुरात आल्या, पण पुरत्या मिळाल्या नाहीत, की त्यांच्या नादात एक संथ हेलकावा उठतो. हा हेलकावा कोणत्याच एका तारेचा नव्हे. तो दोघींमधील अंतराचा आहे. अंतर मिटले की तो विरतो. विसाव्या शतकातील रेडिओशास्त्राची बरीचशी इमारत या हेलकाव्यावर उभी राहिली आणि त्या शास्त्राची एक जुनाट व्याधीही त्यातूनच उपजली. त्या व्याधीचा इतिहास आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

फेसेंडेन या संशोधकाने १९०१ च्या सुमारास असे सुचविले, की कानाला न कळणाऱ्या विद्युत्लहरीत तिच्या जवळच्या कंपनसंख्येची दुसरी लहर मिसळावी, म्हणजे दोहोंच्या अंतराचा ऐकू येणारा सूर मिळेल. पुढे १९१८ मध्ये, महायुद्धाच्या काळात पॅरिसमध्ये असलेल्या आर्मस्ट्राँग या अमेरिकन सेनाधिकाऱ्याने याच तत्त्वावर सुपरहेटरोडाइन ग्राहक रचला. कोणतेही केंद्र लावा, त्याची लहर एका ठरावीक कंपनसंख्येवर उतरवून घ्यायची, ही त्याची युक्ती. घरोघरचा रेडिओ याच युक्तीवर चालत आला.

पण मिश्रणाचा एक स्वभाव आहे. १० आणि ३ मिसळले तर ७ मिळतात, तसे १३ ही मिळतात. शिवाय ३ ची दुप्पट ६ मध्ये घुसली, की १६ आणि ४ ही जन्माला येतात. आपण बोलाविले एकाला. दारात उभे राहिले चौघे! घरच्या रेडिओचेच उदाहरण घ्या. १००० किलोहर्ट्झवरचे केंद्र ऐकण्यासाठी आतला आंदोलक १४५५ वर ठेवला, तर अंतर ४५५ पडते. परंतु १९१० वरच्या केंद्राचेही अंतर नेमके ४५५ च! ते केंद्र मग न बोलावता आत शिरते. अशा पाहुण्यांना आम्ही आगंतुक सूर म्हणू.

आता कोणी विचारील, थोडी शीळ ऐकू आली तर बिघडले काय? करमणुकीच्या रेडिओत फारसे नाही. पण समुद्रात संकटात सापडलेल्या जहाजाची क्षीण हाक ज्या जागी यायची, नेमक्या त्याच जागी ग्राहकाचा स्वतःचा आगंतुक सूर वाजत असेल, तर हाक दबून जाईल. प्रेषकात असा सूर निघाला, तर तो दुसऱ्याच कोणाच्या तरी संदेशावर जाऊन पडेल. म्हणून या शिळेची गणना केवळ त्रासात होत नाही. ती खोटी साक्ष आहे.

हा प्रश्न पुरता ऐरणीवर आला तो स्फटिकामुळे. क्वार्ट्झ दाबला की त्यावर विद्युत्भार येतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखविले होते. १९२० नंतरच्या पहिल्या वर्षांत केडी याने त्यापासून अत्यंत स्थिर आंदोलक बनविला. पण स्फटिक एकनिष्ठ. एका स्फटिकाचा एकच सूर. शंभर मार्ग हवे असतील, तर शंभर स्फटिक बाळगावे लागत. तेव्हा एकाच उत्तम स्फटिकापासून गुणून, भागून, मिळवून, वजा करून हवी ती कंपनसंख्या घडवावी, असा विचार पुढे आला. हेच सिंथेसायझर यंत्र. मात्र प्रत्येक बेरीज-वजाबाकीगणिक आगंतुकांची नवी तुकडी येणार, हे उघडच होते.

पहिला उपाय कुंपणाचा. प्रत्येक मिश्रणानंतर नको ते अडविणारा फिल्टर घालायचा आणि प्रत्येक कप्पा धातूच्या भिंतींनी बंद करायचा. १९६४ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने या मार्गाने ५० मेगाहर्ट्झपर्यंत, हर्ट्झच्या शंभराव्या भागाच्या पायऱ्यांनी चढणारे यंत्र काढले. त्यात आगंतुकांची शक्ती मूळ सुराच्या अब्जांशापर्यंत खाली आणली होती. यश मोठे, पण कपाटही मोठे आणि किंमतही मोठी.

दुसरा उपाय वजावटीचा. दक्षिण आफ्रिकेतील वॅडली याने असे केले, की चंचल आंदोलकाची लहर एकदा मिळवायची आणि पुढे तीच वजा करायची. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखेच वजन पडले तर काटा हलत नाही, तसे आंदोलकाचे ढळणे आपोआप फिटले. इंग्लंडमधील रॅकल कंपनीचा आरए-१७ हा नामांकित ग्राहक याच तत्त्वावर चाले. त्यात दर १ मेगाहर्ट्झवर स्फटिकाचा एकेक स्वरांश रांगेने उभा असे. त्यांतला एक घेऊन शेजारच्या दोघांना रोखण्यासाठी ३७.५ मेगाहर्ट्झवर कडक फिल्टर बसवावा लागला. म्हणजे वजावटीलाही कुंपण सुटले नाही.

तिसरा मार्ग लगामाचा. १९३२ मध्ये फ्रान्समधील दि बेलसीझ याने वर्णिलेल्या कल्पनेतून तो निघाला. एक आंदोलक मोकळा ठेवायचा, त्याची कंपनसंख्या भागून स्फटिकाशी ताडून पाहायची आणि फरक पडेल तितका लगाम खेचायचा. येथे भाजक पूर्णांक असला, तर सूर स्फटिकाच्या पटीतच मिळतात. बारीक पायऱ्या हव्यात तर तुलना संथ होते आणि लगाम ढिला पडतो. मग अपूर्णांकाने भागता येईल काय?

आमच्या पंचांगाने याचे उत्तर पूर्वीच दिले आहे. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ दिवसांचे. दिवाळी दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते; अधिक मास आला की एकदम पुढे जाते. १९ वर्षांत ७ अधिक मास धरले की सरासरी जुळते. तसेच १ मेगाहर्ट्झच्या स्फटिकापासून १००.१ हवे असेल, तर नऊ वेळा १०० ने आणि एकदा १०१ ने भागावे. सरासरी बिनचूक! पण दिवाळीसारखीच येथेही चूक साचते आणि एकदम फिटते. तेही ठरावीक तालात. तो ताल १०० किलोहर्ट्झचा असल्याने मुख्य सुराच्या दोन्ही अंगांना तितक्याच अंतरावर आगंतुक उभे राहतात.

आरंभी या चुकीविरुद्ध तिच्याच आकाराची उलटी चूक घालून पाहिली. पण दोन्ही तंतोतंत जुळविणे कठीण. उष्णता बदलली की पुन्हा उरतेच. खरी वाट निराळी निघाली. इनोसे आणि यासुदा या जपानी संशोधकांनी १९६२ मध्ये मोजणीतली चूक उच्च कंपनसंख्येकडे ढकलण्याची रीत दाखविली होती. तीच रीत राइली, कोपलँड आणि क्वास्निएव्स्की यांनी १९९३ मध्ये या भागाकाराला लावलेली मांडली. सरासरी तीच ठेवायची, पण १०० आणि १०१ यांचा क्रम विस्कटायचा. ताल मोडला की सूर उरत नाही. उरते ती विखुरलेली खरखर, आणि तीही अशा उंचीवर, की लगामाचा फिल्टर तिला सहज गाळतो. आज खिशातल्या टेलिफोनातही ही रीत वापरात आहे.

तरी लढाई संपली असे आम्ही म्हणत नाही. मंडलात किंचित वाकडेपणा राहिला, तर विखुरलेली चूक पुन्हा गोळा होऊन सूर धरते. पुणे जिल्ह्यातील खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी आकाशातील क्षीण लहरी टिपतात. तेथे यंत्राचाच एखादा सूर ताऱ्याचा म्हणून नोंदला गेला तर केवढा घोटाळा!

या इतिहासातून आम्हांला एक गोष्ट दिसते. चूक समूळ नाहीशी करणे कोणालाच साधले नाही. साधले ते इतकेच, की ती कोठून येते हे ओळखावे आणि जेथे ती कोणाची हाक बुडविणार नाही अशा जागी तिला बसवावे. पण तेवढ्यासाठीही आधी कबूल करावे लागते, की ही शीळ बाहेरची नाही, आपल्याच यंत्रातली आहे.