घरातील संगीत : आवाजाची सुरक्षित पातळी कशी ठरवावी?

संगीतयंत्रावर दिसणारा ‘२०’ किंवा ‘३०’ हा आकडा ध्वनीची तीव्रता सांगत नाही. त्याच आकड्यावर एक स्पीकर जेमतेम ऐकू येतो, तर दुसरा खोली दणाणून सोडतो. कानाला होणारा अपाय दोन गोष्टींवर अवलंबून असतो : कानापर्यंत पोहोचणारा ध्वनी किती डेसिबलचा आहे आणि तो किती वेळ ऐकला जातो.

मर्यादा कोणती?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या मानकानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आणि लहान मुलांसाठी ७५ डेसिबल ध्वनी आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. हे मानक वैयक्तिक श्रवणसाधनांसाठी असले, तरी त्यामागील गणित स्पीकरच्या आवाजालाही मार्गदर्शक ठरते. पातळी ३ डेसिबलने वाढली की ध्वनिऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित कालावधी निम्म्यावर येतो. त्यामुळे प्रौढांसाठी ८३ डेसिबलला आठवड्याचे २० तास, ८६ डेसिबलला १० तास, तर ९० डेसिबलला सुमारे ४ तासच उरतात.

कानाचा अंदाज मात्र येथे चुकतो. ३ डेसिबलची वाढ कशीबशी जाणवते. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटेपर्यंत पातळी सुमारे १० डेसिबलने वाढलेली असते, म्हणजेच ऊर्जा दहापट झालेली असते. शिवाय मोठ्या आवाजाला कान लवकर सरावतो आणि मग तोच आवाज कमी वाटू लागतो. अंतर्कर्णातील केशपेशी नष्ट झाल्यास मानवी शरीरात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. हे नुकसान वेदनेविना, हळूहळू होते.

निवड कशी करावी?

सुरुवात कमी आवाजाने करून, शब्द व स्वर स्पष्ट ऐकू येताच थांबावे. सामान्य संभाषणाची पातळी सुमारे ६० डेसिबल असते. घरातील श्रवणाला तिच्या आसपासचा आवाज सहसा पुरेसा होतो. हातभर अंतरावरील व्यक्तीशी बोलताना स्वर चढवावा लागत असेल, तर पातळी ८५ डेसिबलच्या घरात गेली आहे असे समजावे. मोबाइलवरील ध्वनिमापक अ‍ॅपही ढोबळ अंदाज देते.

ख्याल ऐकताना संथ आलापीसाठी वाढवलेला आवाज द्रुत लयीत तबला रंगला की बराच मोठा होतो. म्हणून पातळी रचनेच्या सर्वांत जोरकस भागावरून ठरवावी. कमी आवाजात खर्जाचे स्वर क्षीण वाटणे हा कानाचा स्वाभाविक गुणधर्म आहे; अशा वेळी एकूण आवाज न चढवता केवळ ‘बास’ किंचित वाढवावा. रस्त्याचा गोंगाट असल्यास आधी खिडकी बंद करावी. तान्ह्या बाळांना स्पीकरपासून दूर ठेवावे. हेडफोनचा आवाज कमाल क्षमतेच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवावा.

शेजाऱ्यांचा हक्क

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज घराच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढू नये, असेही नियम सांगतात.

तपासणी केव्हा?

संगीत थांबल्यावर कानात शिट्टीसारखा आवाज येणे किंवा दडे बसल्यासारखे वाटणे, ही अतिश्रवणाची लक्षणे आहेत. काही काळाने ती ओसरली तरी त्यांना इशारा मानून आवाज व वेळ दोन्ही कमी करावेत. घरातील एखादी व्यक्ती नेहमीचाच आवाज अपुरा असल्याची तक्रार वारंवार करू लागल्यास, यंत्राचा आवाज वाढवण्याआधी तिची श्रवणचाचणी करून घ्यावी.