दगडाचा दिवा आणि ओविलूच्या मूर्ती

तोंडाला लावायची टाल्कम पावडर ज्या दगडापासून होते, ते शंखजिरे. नखाने ओरखडा उठेल इतकं मऊ. याच जातीच्या दगडाची आजची गोष्ट आहे, पण लांबची. कॅनडाच्या उत्तर टोकाला इन्युइट लोक राहतात, तिथली.

तिथे झाडंच नाहीत, मग सरपण कुठलं? म्हणून मऊ दगड कोरून परातीसारखा उथळ दिवा करायचे. त्याचं नाव कुल्लिक. त्यात सील या समुद्री प्राण्याच्या चरबीचं तेल आणि काठाला शेवाळाची वात. त्याच्यावरच बर्फ वितळवून पाणी करायचं, मांस शिजवायचं, ओले कपडे वाळवायचे. घरात ऊबही त्याचीच. वात सारखी करत बसणं हे बाईचं काम. आपल्या चुलीसारखंच की!

१९४८ साली जेम्स ह्यूस्टन हा चित्रकार तिकडे गेला. लोकांनी कोरलेल्या लहान लहान मूर्ती त्याला आवडल्या. पुढच्या वर्षी मॉन्ट्रियल शहरात त्या विक्रीला ठेवल्या, तर तीन दिवसांत संपल्या. मग दगड कोरणं हा धंदाच झाला. १९५९ मध्ये केप डॉर्सेट गावात लोकांची सहकारी संस्था उभी राहिली.

पण पैसा आला तशा छिन्नी-हातोडी बहुतेक पुरुषांच्याच हाती राहिल्या. आमच्या गटात नाही का, पापड घरात असतो तोवर बाईचा, बाजारात गेला की पावतीवर नवऱ्याचं नाव!

त्याच भागात १९४९ साली ओविलू टुन्निली जन्मली. वडील मूर्तिकार. लहानपणी तिला क्षयरोग झाला, आणि आईबापांपासून तोडून दूर मॅनिटोबा प्रांतातल्या दवाखान्यात ठेवलं. एक-दोन महिने नव्हे, काही वर्षं. १९६६ मध्ये तिने पहिली मूर्ती कोरली, आई आणि मूल. पुढे त्या दवाखान्याच्या दिवसांच्याही मूर्ती केल्या. शोक करणारी बाई, उंच टाचांचे बूट घातलेली बाई, असंही कोरलं. तिचा हिरवा दगड शंखजिऱ्याहून टणक, म्हणून यंत्र लावावं लागे. त्याची धूळ छातीला वाईट. कोणी घरी दगड कोरून पाहणार असाल तर अंगणात बसा, दगड ओला ठेवा, नाका-तोंडाला बारीक धूळ अडवणारा मास्क लावा, नुसतं फडकं पुरत नाही.

ओविलू २०१४ मध्ये वारली. तिच्या मूर्ती आज कॅनडाच्या संग्रहालयांत आहेत. आणि कुल्लिक अजून पेटतो, समारंभाच्या सुरुवातीला. पेटवायला बहुधा गावातल्या वयस्कर बाईलाच बोलावतात.