घरपट्टीवरील हरकत : एका हक्काचा इतिहास

गिरमिटाच्या कागदावर अंगठा उमटवून ज्यांनी समुद्र ओलांडला, त्यांच्या वंशजांना कागदाचे भय जणू वारशानेच मिळालेले असते. आपल्या पणजोबांपैकी बहुतेकांना त्या कागदावरील अक्षर वाचता येत नव्हते. परंतु त्यावर जे लिहिले होते ते पाळणे मात्र त्यांना भाग होते. शाळेत मुलांकडून पहिली अक्षरे गिरवून घेताना हा विचार माझ्या मनात वारंवार येतो. सरकारी कागदावरील आकडा चुकला आहे, असे लेखी सांगण्याचा अधिकार सामान्य माणसास केव्हा व कसा मिळाला, हे म्हणूनच आपण जाणून घेतले पाहिजे. घरपट्टीच्या इतिहासात ते फार स्पष्ट दिसते.

आम्ही राहतो त्या अराद गावात घरमालकावर वार्षिक घरपट्टी नाही. भाड्याच्या घरावर मात्र नगरपालिकेचे शुल्क असते. ते साधारणतः भाड्याच्या १० टक्के असून विजेच्या बिलाबरोबर वसूल होते. भाडे ठरलेले असल्यामुळे हिशेब सोपा असतो. पण मालक स्वतःच घरात राहत असेल, तर त्याचे मूल्य कोणी व कसे ठरवावयाचे? येथे अंदाज येतो. आणि जेथे अंदाज आला, तेथे चूक होण्याचा संभवही आलाच.

मूल्याचा हा प्रश्न पाहण्यापूर्वी आपल्याच एका अर्जाची आठवण करणे उचित होईल. मॉरिशसमध्ये ज्यांचा करार संपला होता, त्यांना 'जुने आप्रवासी' म्हणत. १८६७ च्या कायद्याने त्यांच्यावर छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगण्याची सक्ती झाली, आणि तो न दाखविणाऱ्यास पोलीस धरू लागले. १८७१ साली आदोल्फ द प्लेवित्झ या गृहस्थांच्या साहाय्याने या लोकांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या होत्या. मळेवाल्यांचा रोष ओढवला. परंतु १८७२ साली चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला व १८७५ साली त्याचा अहवाल आला. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांनी लेखी तक्रारीचे सामर्थ्य असे ओळखले होते.

त्याच सुमारास मायदेशी काय चालले होते? १८७६ च्या मुंबई महसूल अधिकारिता कायद्याने, शेतसाऱ्याची रक्कम जास्त आहे ही तक्रार घेऊन दिवाणी न्यायालयात जाण्याची वाट बंद करण्यात आली. शेतकऱ्यास सरकारकडे अर्ज करता येई. न्यायाधीशापुढे मात्र जाता येत नसे. पुढे अवघ्या बारा वर्षांनी, १८८८ साली, मुंबई महानगरपालिकेचा कायदा झाला आणि त्यात घरपट्टीसाठी नेमकी हीच वाट मोकळी ठेवण्यात आली. एकाच इलाख्यात कुणब्याच्या जमिनीस एक न्याय व शहरातील घरास दुसरा, असा हा विरोधाभास होता.

त्या कायद्याची रीत समजून घेण्याजोगी आहे. घर वर्षभर भाड्याने दिल्यास रास्त भाडे किती येईल, हे प्रथम ठरवावयाचे आणि त्यातून दुरुस्ती वगैरेंसाठी १० टक्के वजा करावयाचे. समजा, महिना १०० रुपये भाडे येईल असे धरले. वर्षाचे १,२०० झाले. १२० वजा जाता १,०८० रुपये हे करपात्र मूल्य. हा आकडा मान्य नसल्यास मालकाने मुदतीत आयुक्तांकडे लेखी हरकत घ्यावयाची. निर्णय न पटल्यास लघुवाद न्यायालयात अपील करावयाचे. मात्र दोन अटी होत्या. आधी हरकत घेतलेली नसेल तर मूल्याविरुद्धचे अपील चालत नसे. आणि मागणीची रक्कम आधी भरावी लागे. म्हणजे जो पहिल्या पायरीवर गप्प राहिला, त्याला दुसरी पायरी चढताच येत नव्हती.

या हक्काचे मोल १९६१ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या खटल्यात प्रकट झाले. बार्शी नगरपालिकेने गिरण्या व कारखान्यांच्या इमारतींना, जागा कशीही असो, दर १०० चौरस फुटांस एकच ठरीव भाडेमूल्य लावले होते. लोकमान्य मिल्सने त्यास आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने तो नियम अवैध ठरविला. निरनिराळ्या इमारतींचे भाडे सारखेच येईल हे गृहीत धरणे चूक. शिवाय आकडा आधीच ठरला म्हणजे करदात्याचा हरकतीचा हक्क नावापुरताच उरतो, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. खटला गिरणीचा होता. तत्त्व मात्र झोपडीलाही तितकेच लागू आहे.

काळ बदलला तरी हा प्रश्न संपला नाही. मुंबईत २०१० पासून भाड्याऐवजी भांडवली मूल्यावर कर बसविण्याची पद्धत सुरू झाली. तिच्या काही नियमांत, जमिनीवर पुढे किती बांधकाम होऊ शकेल याचाही विचार मूल्य ठरविताना केला जात होता. मालमत्ताधारकांच्या संघटनेने दाद मागितली. २०१९ साली उच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले व २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. आज जे उभे आहे त्याचे मूल्य धरावे. उद्याच्या शक्यतेवर आज कर बसवू नये, हा त्याचा आशय.

या सर्वांतून आपण काय घ्यावे? कर चुकवावा, असा याचा अर्थ मुळीच नाही. रस्ते, पाणी व दिवे करातूनच होतात, आणि न्याय्य कर भरणे हे गृहस्थाचे कर्तव्यच आहे. परंतु जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात आपले घर असो, मूल्याचा कागद आला की तो पेटीत न टाकता वाचावा. क्षेत्रफळ, वापर व बांधकामाचे वर्ष बरोबर आहे की नाही ते पडताळावे. चूक दिसल्यास मुदतीच्या आत, पुराव्यासह, सभ्य भाषेत लिहावे आणि पोच घ्यावी.

१८७१ च्या त्या अर्जावर ज्यांनी आपल्या निशाण्या केल्या, त्यांच्या नातवंडा-पतवंडांना आज लिहितावाचता येते. ती विद्या आपल्या घरासाठी आणि निरक्षर शेजाऱ्याच्या घरासाठीही कामी यावी, एवढीच या निमित्ताने प्रार्थना.