अंगणातली शाळा आणि कडेवरचं पोर

'अंगणवाडी' हा शब्द सरकारी की आपला, असं मागच्या भागानंतर काही जणांनी विचारलं होतं. आजचा भाग त्यावरच.

मी परभणी-पूर्णा रेल्वेमार्गावरच्या पिंगळीचा. आमच्याकडे अंगणवाडी म्हटलं की डोळ्यांसमोर येते खिचडी, वजनकाटा आणि लसीकरण. त्यात वावगं काही नाही. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली, तेव्हापासून ही कामं तिच्यात आहेतच. पण शब्द त्याआधीचा. त्याचं मूळ बोर्डीच्या समुद्रकाठी.

१९४५ साली, पिंगळी निजामाच्या राज्यात असताना, ताराबाई मोडकांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. सोबत अनुताई वाघ. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या, माँटेसोरी पद्धत कोळून प्यायलेल्या. त्या पद्धतीची साधनं सुबक, पण महागडी. खेड्यात ती कुणाला परवडणार? मग मोजायला शिंपले आणि खडे आले, रंग ओळखायला पानंफुलं. माझ्या मते हा काटकसरीचा उपाय नव्हताच. पोराला ओळखीची वस्तू हातात मिळाली की ते लवकर खुलतं, एवढं साधं ते.

खरी अडचण पुढे आली. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. आधी हातपाय धुणं, नखं, केस. मग गाणी आणि गोष्टी. आया दारातून बघत राहायच्या, म्हणजे त्यांचंही शिक्षण फुकटात! मूल येत नसेल तर दोष मुलाचा नाही, शाळेचा. अंगणवाडी ती ही.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पोरांमध्ये. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. आणि मोठ्या बहिणी? त्यांच्या कडेवर धाकटं भावंडं असायचं, त्या शाळेत येणार कशा? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र केली. नाव ठेवलं विकासवाडी. धाकटं पाळण्यात, थोरली वर्गात.

हे ऐकताना मला आमच्याकडची कापूस वेचणी दिसते. आई दिवस उगवताच रानात, आणि थोरली लेक तान्ह्याला सांभाळत घरी. अंगणवाडीच्या खेळाच्या वर्गात नाव तीन वर्षांपासूनच्या मुलांचं. दहा महिन्यांचं पोर कुठे ठेवायचं? दुसरीकडे साडेतीन वर्षांच्या लेकराला एलकेजीचा गृहपाठ. पैसे मोजून लोक तेही घेतात. कोसबाडच्या बायांनी हे दोन्ही प्रश्न एकाच छपराखाली सोडवले होते, तेही ज्या वस्तीत पुस्तक बघितलेलं नव्हतं तिथे.

ताराबाई १९७३ च्या ऑगस्टमध्ये गेल्या. सरकारी अंगणवाडी यायला तेव्हा अजून दोन वर्षं होती. अनुताईंनी पुढे जवळजवळ वीस वर्षं काम ओढलं.

पुढच्या भागात गिजुभाई. भेटूच.